गाडी तापली की काटा?

मुंबईहून आग्रा रोडने निघालेली गाडी आसनगाव, शहापूर, आटगाव, खर्डी करत जाते, तोवर रस्ता चढतो आहे हे चालकाला फारसं जाणवत नाही. कसाऱ्याला सह्याद्री आडवा येतो. तिथून इगतपुरीपर्यंत काही किलोमीटरांत सुमारे 300 मीटर चढायचं असतं, आणि ठाण्यापासून ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं त्या डॅशबोर्डवरच्या एका काट्यावर सगळ्यांची नजर जाते. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते सांगणं, एवढंच या काट्याचं काम. पण गाडीचं मूळ इंजिन उतरवून दुसरं बसवलेलं असेल, तर काटा खरं सांगतोय की नाही याची खात्री नसते. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, जिथे एका बाजूला कसारा आणि दुसऱ्या बाजूला माळशेज, तिथे अशा गाड्या दोन-तीन पिढ्या धावल्या.

घाटात यंत्राने चकवण्याची गोष्ट मात्र मोटारींच्या आधीची आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग 1854 मध्ये कल्याणला आला, 1861 मध्ये आटगाव मागे टाकत कसाऱ्याला पोचला आणि मग थांबला. पुढचा थळ घाट फोडून गाडी इगतपुरीला न्यायला 1865 उजाडलं. साडेनऊ मैलांहून थोड्या कमी अंतरात 972 फुटांची चढण आणि चढ 37 फुटांना एक फूट. वाफेच्या इंजिनाला तापमानाचा काटा नव्हता. चालकासमोर वाफेचा दाब दाखवणारी तबकडी असे आणि बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी. इंजिन धुरांड्याच्या बाजूने चढाला लागलं की बॉयलरमधलं पाणी मागे, चालकाच्या बाजूला सरकायचं आणि काचेत पातळी भरपूर दिसायची. माथा ओलांडून इंजिन सपाटीला आलं की तेच पाणी पुढे धावायचं, काचेतली पातळी झरकन खाली यायची आणि भट्टीचं छत उघडं पडायचा धोका उभा राहायचा. म्हणून घाट चढताना काचेत दिसतं त्यातून काही वजा करूनच वाचायचं, हे त्या चालकांना शिकावं लागे. 1930 च्या सुमारास या मार्गावर वीज आली, 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी लांबुळकी विजेची इंजिनं आली, आणि पाण्याची काच इतिहासजमा झाली. कसाऱ्याला मागून जोडायची बँकर इंजिनं तेवढी राहिली.

मोटारींना पाणी लागतच राहिलं. या मुलखातला विरोधाभास असा की मुंबईची तहान भागवणारं तानसा धरण, 1892 साली पूर्ण झालेलं, आटगाव स्टेशनपासून काही मैलांवर. पुढे भातसाही याच तालुक्यात झालं. आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. चढाच्या आधी थांबून रेडिएटर भरून घेणाऱ्या लॉरीवाल्याला जे पाणी मिळे ते विहिरीचं नाहीतर ओढ्याचं. त्यातले क्षार इंजिनाच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचत. तापमान मोजणाऱ्या बल्बवरही त्यांचा थर चढे. थर चढलेला बल्ब पाण्याची उष्णता उशिरा घेतो, आणि इंजिन उकळायला आलं तरी काटा निवांत असतो. कूलंट ही वस्तू या रस्त्यावर फार उशिरा आली.

इंजिन बदलण्याचा धंदा वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराने लिलावात काढलेल्या लॉऱ्या आणि विलिस जीपा बाजारात आल्या. बहुतेक पेट्रोलवरच्या, मजबूत आणि पेट्रोल पिणाऱ्या. त्याच सुमाराला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला डॉज आणि फार्गो लॉऱ्या जोडायला सुरुवात केली, महिंद्रांनी 1947 पासून जीपा. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचं पी-6 हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन तर पेट्रोल लॉरीच्या जागेत बसवण्यासाठीच जगभर खपत होतं. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिनं भारतात बनवली. मालाची लॉरी घाटावर नेणाऱ्याला हिशेब सोपा होता. इंजिनाचा खर्च एकदाच, इंधनाची बचत रोज.

त्या काळचा तापमानाचा काटा विजेवर चालत नसे. इंजिनात बसणारा पितळी बल्ब, त्यातून डॅशबोर्डपर्यंत गेलेली केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि टोकाला तबकडी. बल्बमध्ये इथरसारखा लवकर उडणारा द्रव. पाणी तापलं की त्याच्या वाफेचा दाब वाढतो, तबकडीमागची वाकडी चपटी नळी सरळ व्हायला बघते आणि काटा पुढे सरकतो. या काट्याला बॅटरी किती व्होल्टची आहे, अर्थ कुठे जोडली आहे, कशाशीही कर्तव्य नव्हतं. इंजिन बदललं तरी बल्बसकट तो काढून नव्या इंजिनात बसवला की काम झालं. आट्याचं माप जुळलं नाही तर पितळेचा बुश कातून घ्यायचा, सफेदा आणि सूत लावून घट्ट करायचं. अडचण एकच. नव्या इंजिनात बल्ब बसवायचं तोंड पुढच्या बाजूला असेल तर नळी पुरायची नाही, आणि मागच्या बाजूला असेल तर जास्त व्हायची. जास्त झालेली नळी कापायचा मोह ज्याला झाला त्याने आतला द्रव घालवला आणि काटा कायमचा मेला. जाणता माणूस उरलेल्या नळीची गुंडाळी करून ठेवायचा.

एवढा भरवशाचा काटा पुढे गेला कुठे? गाड्या स्वस्त आणि जुळणी सोपी करण्याच्या नादात विजेचे काटे आले. इंजिनात एक छोटा सेंडर, गॅरेजच्या भाषेत 'टेंपरेचर बल्ब' किंवा 'युनिट', त्याला एक वायर, आणि डॅशबोर्डवर मीटर. सेंडर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, जास्त करंट वाहतो, काटा चढतो. म्हणजे या मीटरला डिग्री कळत नाही, फक्त करंट कळतो. कुठल्या तापमानाला किती रोध, हे एका कंपनीने एक ठरवलेलं, दुसरीने दुसरं. समजा एका मीटरला 100 डिग्रीला 40 ओमची अपेक्षा आहे आणि नव्या इंजिनातला सेंडर त्या तापमानाला 80 ओम देतो, तर पाणी उकळत असतानाही काटा मध्यावर बसून राहील. उलट झालं तर थंडगार इंजिनावर काटा लाल पट्ट्यात. दोन्ही वस्तू आपापल्या जागी निर्दोष, दुकानदाराकडे परत न्यावं तर त्याच्या मीटरवर बरोबर चालणाऱ्या. मेकॅनिकला वेड लावणारा दोष असला तर तो हा.

आणि 1973 नंतर अशा बेमेळ जोड्या हजारोंनी लागल्या. त्या वर्षीच्या तेलसंकटात पेट्रोल भडकलं, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिलं. पेट्रोलवरची जीप पोसणं शेतकऱ्याला, ठेकेदाराला, सरकारी लिलावातून जीप घेऊन प्रवासी वाहतूक करणाऱ्याला परवडेना. महिंद्रांनीच इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपला दिलं. मग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या प्यूजोचं एक्सडीपी 4.90 हे 2112 सीसीचं डिझेल इंजिन आलं, आणि ते बनवण्याचा कारखाना उभा राहिला थेट इगतपुरीला. ज्या घाटात इंजिनांची परीक्षा होते त्याच्याच माथ्यावर इंजिनं तयार होऊ लागली. त्यात काही योजना होती असं मानायचं कारण नाही, औद्योगिक सवलती आणि जमीन यांचंच गणित असणार. पण योग मोठा मजेशीर.

त्यामागून बजाज टेम्पोने मर्सिडीजचं ओएम-616 हे 2399 सीसीचं इंजिन ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये दिलं. अपघातात मोडलेल्या ट्रॅक्सचं इंजिन धडधाकट असे, ते जीपमध्ये जाई. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून परदेशी इंजिनंही येत. मुरबाड-शहापूरच्या आतल्या रस्त्यांवर, जिथे एसटीच्या दोन फेऱ्यांच्या मधला वेळ मोठा, तिथे काळी-पिवळी आणि खासगी जीप हीच गावाची गाडी होती. अशा जीपची बॉडी एका घरची, इंजिन दुसऱ्या घरचं, गिअरबॉक्स तिसऱ्या घरचा. मीटर मात्र बॉडीबरोबर आलेला, तोच जुना.

जुन्या विलिसची वीज 6 व्होल्टची होती. डिझेल इंजिन फिरवायचं तर 12 व्होल्टचा जबर स्टार्टर हवा, म्हणून बॅटरी, डायनॅमो, दिवे सगळं बदललं जाई. मीटर विसरला जाई. 6 व्होल्टसाठी बनलेल्या विजेच्या मीटरला 12 व्होल्ट मिळाले की इंजिन पुरतं तापण्याआधीच काटा शेवटाला टेकायचा. मग 'गाडी तापते' म्हणून रेडिएटर साफ, वॉटर पंप नवा, हेड उतरवून गॅसकेट नवी, आणि काटा तिथेच. पुढच्या काळातल्या काही गाड्यांत मीटरला ठरावीक व्होल्टेज देणारा छोटा स्टॅबिलायझर असे. वायरिंग नव्याने ओढताना तो डब्बा निरुपयोगी समजून काढून टाकला की हाच घोटाळा. पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम वर चढलेले दिसले, तर रेडिएटरला हात न लावता या डब्याकडे जावं, हे चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ठाऊक असे.

अर्थचा घोळ त्याहून साधा आणि त्याहून जास्त वेळा होणारा. सेंडरला वायर एकच. परतीचा रस्ता इंजिनाच्या लोखंडातून. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून असतो. इंजिन उतरवताना ती पट्टी सोडतात, चढवताना राहून जाते. मग रोध वाढतो आणि काटा खाली दाखवतो. दिवे लावले, हॉर्न दाबला की काटा हलतो, ही त्याची खूण. सेंडरच्या आट्यांवर सफेदा-सूत किंवा नंतरच्या काळातली टेफ्लॉन टेप सढळ हाताने गुंडाळली तरी परिणाम तोच.

हे झालं खोट्या काट्याचं. कधी काटा खरा असतो आणि इंजिन बसवण्यात चूक असते. रेडिएटरचं वरचं तोंड नव्या इंजिनाच्या हेडपेक्षा खाली राहिलं तर पाणी भरताना हवा हेडमध्येच अडकते. सेंडर त्या हवेत असेल तर गरम पाण्याचा स्पर्शच त्याला होत नाही; काटा थंड आणि इंजिन आतून भाजतंय, ही सगळ्यात घातक अवस्था. उपाय जुना आणि फुकट आहे. गाडी चढावर, नाक वर करून उभी करायची, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहायचं. आटगावच्या पुढे असा चढ शोधावा लागत नाही. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅसकेट गेली, हे निदानही त्यातच होतं.

थर्मोस्टॅटची गोष्ट मात्र आपल्याकडच्या अर्धवट शहाणपणाचा नमुना म्हणून सांगण्यासारखी आहे. 'थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी थंड चालते' हा सल्ला देशभरच्या गॅरेजांत दिला गेला आणि आजही दिला जातो. जुन्या पेट्रोल इंजिनांत त्यातून फार बिघडत नसे. इंजिन गरजेपेक्षा थंड चालायचं, इंधन थोडं जास्त जायचं. पण ओएम-616 सारख्या इंजिनातला थर्मोस्टॅट दोन कामं करतो. रेडिएटरची वाट उघडताना तो इंजिनातल्या इंजिनात पाणी फिरवणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते, पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येतो. जीपमध्ये हौसेने बसवलेलं हे इंजिन घाटात उकळायचं, आणि दोष रेडिएटर लहान पडल्याचा काढला जायचा. मोठा रेडिएटर बसवून भागलं नाही की इंजिनच वाईट ठरायचं. जर्मन इंजिनाला आपली सवय लागू पडत नाही, हे कबूल करायला बराच काळ लागला.

उलटा गैरसमजही झाला. 2000 नंतर बोलेरोच्या घराण्यातलं 2523 सीसीचं डीआय इंजिन जुन्या जीपांत बसू लागलं. थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या या इंजिनाची उष्णता जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनापेक्षा पाण्यात कमी जाते. घाट उतरताना काटा खाली घसरायचा, आणि मालक सेंडर बदलायचा हट्ट धरायचा. मेकॅनिकने 'काही झालेलं नाही' म्हटलेलं ग्राहकाला पटत नाही, ही या धंद्याची जुनी अडचण.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? जुन्या हातांची पद्धत अजून चालते. सेंडरची वायर काढली की काटा थंडाला पडला पाहिजे. तीच वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली की पार शेवटाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, संशय सेंडरवर. सेंडर काढून किटलीतल्या उकळत्या पाण्यात धरायचा, वायरने जोडलेला आणि बॉडी अर्थला लावलेली, आणि काटा कुठे थांबतो तिथे काचेवर खूण करायची. ती खूण म्हणजे 100 डिग्री. इगतपुरीच्या सुमारे 600 मीटर उंचीवर पाणी 98 च्या आसपास उकळतं, एवढा फरक या कामात सोडून देता येतो. रेडिएटरच्या दाब धरणाऱ्या झाकणाखाली मात्र पाणी 100 च्या वरही उकळत नाही, म्हणून काटा त्या खुणेच्या किंचित पुढे गेला की लगेच घाबरायचं नसतं. बेमेळ जोडीच ठेवायची असेल तर काटा जास्त दाखवत असताना वायरमध्ये ओळीने एक रोध घालतात, कमी दाखवत असताना सेंडरला समांतर. पण असा रोध एका तापमानाला काटा जुळवतो, सगळ्या तापमानांना नाही. अलीकडे काही हजारांच्या आत मिळणारी इन्फ्रारेड गन हेडवर रोखून दोन सेकंदांत आकडा कळतो. चकाकत्या धातूवर ती कमी दाखवते हे ठाऊक असलं म्हणजे झालं.

संगणकावर चालणाऱ्या इंजिनांनी या खेळाचे नियमच बदलले. त्यांचा सेन्सर इंजिनाच्या संगणकासाठी असतो. 20 डिग्रीला अडीच हजार ओम आणि 100 ला दोनशेहून थोडा कमी, असं बॉशच्या प्रचलित सेन्सरचं माप. जुन्या मीटरला हे आकडे कळण्यापलीकडचे. त्याच सेन्सरला मीटरची वायर जोडली तर मीटर तर चुकतोच, शिवाय संगणकाला चुकीचं तापमान कळून डिझेलचं माप आणि पंख्याची वेळही बिघडते. मीटरसाठी स्वतंत्र सेंडर बसवणं हाच एक मार्ग. त्यात नव्या गाड्यांचा काटा मुळातच मवाळ केलेला असतो. पाणी 80 आणि 100 च्या दरम्यान कुठेही असलं तरी अनेक कंपन्यांच्या गाड्यांत तो मध्यावरून हलत नाही, ग्राहकाने उगाच तक्रार करू नये म्हणून. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

धंदाही आटला. इंजिन बदललं की मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. रस्ताही बदलला. आग्रा रोड चौपदरी झाला. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसाऱ्याचा डोंगर आठ किलोमीटरच्या आसपासच्या बोगद्यातून पार होऊ लागला. तरी जुन्या जीपा शेतावर, लग्नाच्या वऱ्हाडात, हौशी लोकांच्या अंगणात अजून आहेत, आणि त्यांची इंजिनं अजून बदलली जातात.

ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनी मीटर आणि सेंडर एकाच कंपनीची जोडी म्हणून विकत घ्यावी, इंजिनाची अर्थ पट्टी डोळ्यांनी पाहावी, आणि घाटाला लागण्याआधी उकळत्या पाण्याची खूण काचेवर करून घ्यावी. खर्च फार नाही, आणि हेड घासून आणण्यापेक्षा तर नक्कीच कमी.